गुलाबाचं इसेन्शियल ऑइल: बाटली पारखण्यापासून थेंब मोजण्यापर्यंत

दिवाळीआधी पुण्यात अभ्यंगाच्या तेलाची तयारी सुरू झाली की गुलाबाच्या इसेन्शियल ऑइलबद्दल, म्हणजे फुलांतून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलाबद्दल, तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. चेहऱ्यावर थेट लावलं आणि आग झाली. थंडीत बाटलीत दाणे दिसले, खराब झालं समजून टाकून दिलं. तीनशे रुपयांत दहा मिली ‘शुद्ध’ तेल आणलं, त्याच्या वासाने डोकं धरलं. बाटलीत काय आहे हे न बघताच ती वापरायला काढली जाते, तिथेच या बहुतेक तक्रारींची सुरुवात होते. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पॅच टेस्ट (त्वचेच्या छोट्या जागेवर आधी लावून बघणं) नंतर बघू, असं म्हणून पुढे जाऊ नका.

टप्पा १: कशासाठी हवंय ते आधी ठरवा

या तेलाची सगळ्यात भरवशाची बाजू म्हणजे त्याचा सुगंध. झोपण्याआधी मन शांत व्हायला, ताण हलका वाटायला आणि मालिशीचा आनंद वाढायला तो मदत करतो. पाळीच्या दिवसांत गुलाबाचं तेल घालून केलेल्या पोटाच्या मालिशीने वेदना कमी वाटल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. हे अभ्यास लहान आहेत, आणि त्यात हाताच्या उबेचा नि मालिशीचाही वाटा आहेच. तरीही करून बघायला हरकत नाही.

त्वचेबाबत अपेक्षा माफक ठेवा. थंडीत कोरडी पडलेली त्वचा मऊ होते ती मुख्यतः ज्यात गुलाब मिसळला त्या बदामाच्या किंवा तिळाच्या तेलामुळे. वांग, मुरमांचे खड्डे, जुने डाग या तेलाने जातील असं कोणी सांगत असेल तर तेवढ्यासाठी पैसे घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. प्रयोगशाळेत ते काही जिवाणूंना रोखतं हे खरं. पण तिथलं प्रमाण आणि आपण गालावर लावतो ते प्रमाण यांचा मेळ बसत नाही.

आता एकच हेतू कागदावर लिहा: चेहरा, अंगाची मालिश, पोटाची मालिश किंवा खोलीतला सुगंध. कोणतं तेल घ्यायचं आणि किती, हे त्यावर ठरतं. खोलीत दरवळ हवा एवढंच असेल तर महागडं तेल घेऊच नका. त्याबद्दल सातव्या टप्प्यात.

> आधीच थांबा: गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, दमा असलेले, अत्तराने शिंका किंवा पुरळ येणारे आणि त्वचेवर औषधं लावणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तान्ह्या बाळाच्या तेलात हे घालू नका.

टप्पा २: बाटलीत नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. दुकानात ‘गुलाब तेल’ म्हटलं की पाच वेगवेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात, आणि त्यांचे वापरही वेगळे.

*ऑटो.* दमास्क गुलाबाच्या, म्हणजे रोझा डॅमासिनाच्या ताज्या फुलांपासून पाण्याच्या किंवा वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल. बल्गेरियातलं कझानलक आणि तुर्कस्तानातलं इस्पार्ता यासाठी जगभर ओळखले जातात. आपल्याकडे कन्नौज परिसरात, राजस्थानात आणि हिमाचलात हा गुलाब होतो. पालमपूरच्या सीएसआयआर-आयएचबीटी संस्थेने त्याच्या ‘ज्वाला’ आणि ‘हिमरोज’ या जाती दिल्या आहेत. रंग फिकट पिवळसर, गारठ्यात गोठतं. चेहऱ्यासाठी मी हेच सुचवते.

*ॲबसोल्यूट.* हेक्झेनसारख्या द्रावकाने काढलेला अर्क. रंग नारिंगी-तांबूस, वास फुलाच्या जास्त जवळचा आणि मधाळ, कारण ऊर्ध्वपातनात पाण्यात निघून जाणारं फिनाइलइथाइल अल्कोहोल हा सुगंधी घटक यात टिकून राहतं. थंडीत त्यात दाणे धरत नाहीत. सुगंधासाठी सुंदर, पण चेहऱ्यासाठी माझी पसंती नाही.

*अत्तर.* कन्नौजची परंपरागत पद्धत देग-भपक्याची: गुलाबाची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. म्हणजे अस्सल गुलाबाचं अत्तरही गुलाब आणि चंदन यांचं मिश्रणच असतं. स्वस्त अत्तरात चंदनाच्या जागी पॅराफिन किंवा रासायनिक द्रावक येतो. अत्तर मनगटावर लावायला आहे, चेहऱ्याच्या तेलात मिसळायला नाही.

*फ्रेग्रन्स ऑइल.* प्रयोगशाळेत बनवलेला सुगंध. मेणबत्तीत किंवा साबणात चालतो, पण ज्या कामासाठी बनवला त्याच कामाला. मालिशीला नको.

*आधीच पातळ केलेलं.* लेबलवर ‘जोजोबात ५ टक्के’ असं बारीक अक्षरांत असतं (जोजोबा हे बियांपासून काढलेलं साधं तेल). प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर घरगुती वापराला हे उत्तमच, फक्त हिशोब वेगळा करावा लागतो.

आता किमतीचं गणित. एक किलो ऑटोसाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो ताजी फुलं लागतात. दहा मिली तेलाचं वजन साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे त्या एका बाटलीमागे तीसेक किलोंच्या वर फुलं. फुलांचा भाव किलोला शंभर रुपये धरला तरी नुसत्या फुलांचेच तीन हजार झाले. भट्टी, इंधन, मजुरी, बाटली, दुकानदाराचा नफा हे सगळं अजून बाकी. तेव्हा तीनशे रुपयांच्या दहा मिलीत दुसरं काही असलंच पाहिजे. बहुधा ते जिरेनियमचं किंवा पामरोजाचं तेल असतं. पामरोजा म्हणजे आपलं रोशा गवत. त्याच्या तेलात जिरॅनिऑल हा गुलाबासारख्या वासाचा घटक भरपूर असल्याने वास गुलाबाकडे झुकतो आणि भेसळीला ते सोयीचं पडतं.

रविवार पेठेत बोहरी आळीत अत्तरं, सुगंधी तेलं आणि साबण-मेणबत्तीचा कच्चा माल एकाच फेरीत मिळतो. तिथे ‘गुलाब तेल द्या’ एवढंच म्हणू नका. सरळ विचारा: ऑटो आहे की ॲबसोल्यूट? वनस्पतीचं शास्त्रीय नाव लेबलवर आहे का? बॅच क्रमांक आणि त्याच बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट (तेलात कोणते घटक किती, हे सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल) मिळेल का? रिपोर्ट नसेल तर ‘सुगंधासाठी’ असं म्हणून घ्या आणि त्वचेपासून लांब ठेवा. दुकानदार घाई करत असेल तर एक मिलीच घ्या. घरगुती वापराला तेवढं बराच काळ पुरतं.

> तपासा: लेबलवर शास्त्रीय नाव, काढण्याची पद्धत, बॅच क्रमांक आणि टक्केवारी (पातळ केलेलं असल्यास) या चारही गोष्टी आहेत का? एकही कमी असेल तर चेहऱ्याला नको.

टप्पा ३: घरी आल्यावर पारख

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, शेजारी बदामाच्या तेलाचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी दोन्ही उजेडासमोर धरा. बदामाचा डाग तसाच पारदर्शक, तेलकट राहील. गुलाबाचा जवळजवळ उडून गेलेला दिसेल. ऑटोत नैसर्गिक मेणं असतात, त्यामुळे पुसटशी खूण राहू शकते, पण मोठं तेलकट वलय राहिलं तर त्यात जड तेल मिसळलेलं आहे.

त्याच कागदाचा वास तासातासाने घ्या. खऱ्या तेलाचा वास बदलत जातो: आधी हिरवट, किंचित तिखट, मग गोड, शेवटी मऊसर. संध्याकाळपर्यंत अगदी एकसारखाच वास येत असेल तर शंका घ्यावी.

तिसरी पारख थंडीची. साधारण २० अंशांच्या खाली ऑटोत पारदर्शक स्फटिक धरू लागतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० ते १२ अंशांवर येतो, तेव्हा कपाटातली बाटली अर्धी गोठलेली दिसली तर घाबरू नका. बंद बाटली मुठीत धरा किंवा वाटीभर कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवा. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही.

> सावधान: स्फटिक पूर्ण वितळल्याशिवाय थेंब काढू नका. अर्धवट गोठलेल्या बाटलीतून फक्त पातळ भाग बाहेर येतो, मेण तळाशी राहतं आणि उरलेल्या तेलाचा तोल बिघडतो.

भेसळ करणारे मेण घालूनही तेल गोठवू शकतात, म्हणून या तिन्ही घरगुती पारखी मिळून फक्त उघड भेसळ पकडतात. खरा निवाडा बॅचच्या रिपोर्टचाच.

टप्पा ४: कॅरिअर ऑइल निवडा

गुलाबाचं तेल नुसतं कधीच लावायचं नाही. ते ज्यात मिसळायचं ते साधं तेल म्हणजे कॅरिअर ऑइल. अंगासाठी बदामाचं किंवा तिळाचं. लाकडी घाण्याच्या तिळाच्या तेलाला स्वतःचा ठसठशीत वास असतो, त्यापुढे गुलाब दबतो. अभ्यंगाला ते चांगलंच, पण सुगंध पुढे यावा असं वाटत असेल तर बदाम घ्या. चेहऱ्यासाठी जोजोबा हलकं पडतं. खोबरेल पुण्याच्या थंडीत थिजतं, आणि मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला अनेकदा मानवत नाही. मोहरीचं तेल मुळातच झणझणीत, ते इथे नको. घरात कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम टाळा.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगायलाच हवं. मार्केट यार्डातून आणलेल्या पाकळ्या खोबरेलात भिजवून किंवा उकळून जे बनतं ते इसेन्शियल ऑइल नव्हे. पाकळ्यांतलं पाणी तेलात उतरतं, आणि पावसाळी हवेत अशा बाटलीला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. शिवाय मावळातल्या पॉलिहाऊसमधले लांब दांड्यांचे गुलाब दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी वाढवलेले असतात. त्यांना सुगंध कमी आणि त्यांच्यावर औषधांची फवारणी असते. ते फुलदाणीतच शोभतात.

टप्पा ५: थेंबांचा हिशोब आणि मिश्रण

एका थेंबामागे दीडशे ग्रॅमच्या आसपास फुलं असतात. हे लक्षात ठेवलं की ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून हात सैल सुटत नाही.

एक मिलीत साधारण २० थेंब धरा. मग नियम सोपा:

- अंगासाठी: १० मिली तेलात १ थेंब (०.५ टक्के)
- चेहऱ्यासाठी: २० मिली तेलात १ थेंब (०.२५ टक्के)

याच्या वर जाऊ नका. गुलाबाच्या तेलात मिथाइल युजेनॉल हा घटक नैसर्गिकरीत्याच असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेत तो कर्करोगाला कारण ठरला आहे, म्हणून सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेचे अभ्यासक ऑटोसाठी त्वचेवर साधारण ०.६ टक्क्यांची कमाल मर्यादा सांगतात. त्यातले जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल हे घटक काहींच्या त्वचेला ॲलर्जी देतात. जास्त थेंब घातल्याने गुण वाढत नाही, धोका मात्र वाढतो.

‘५ टक्के’वाली बाटली असेल तर हिशोब असा: ०.५ टक्क्याचं ३० मिली तेल हवं, तर त्यातलं ३ मिली घ्या आणि २७ मिली साधं तेल घाला. पुष्कळ जण या बाटलीतले एक-दोन थेंब पुन्हा वाटीभर तेलात टाकतात आणि मग ‘वासच येत नाही’ म्हणतात. उलट चूक जास्त धोक्याची: शुद्ध ऑटोची बाटली हातात आहे आणि मोजमाप ‘५ टक्के’वालीचं. म्हणून लेबल पुन्हा एकदा वाचा.

आता मिसळायचा क्रम:

१. गडद रंगाची काचेची बाटली धुऊन पूर्ण कोरडी करा. आत पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये.

२. आधी रिकाम्या बाटलीत गुलाबाचे थेंब टाका, मग साधं तेल. चुकून एक थेंब जास्त पडला तर साधं तेल वाढवून प्रमाण सावरता येतं. उलट क्रमात बाटली आधीच भरलेली असते.

३. झाकण लावून दोन्ही तळव्यांत फिरवा.

४. चिठ्ठी लावा: काय, किती टक्के, कोणत्या तेलात, तारीख.

५. एक दिवस तसंच ठेवा, मगच वास घ्या. लगेच वास घेतला तर फिका वाटतो आणि थेंब वाढवायचा मोह होतो.

थेंब लहान-मोठे पडतात अशी शंका असेल तर औषधाच्या दुकानातून बिनसुईची १ मिलीची सिरिंज आणा. ३० मिलीसाठी ०.१५ मिली मोजलं की ०.५ टक्के झालं.

टप्पा ६: पॅच टेस्ट

उजव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला तयार मिश्रण लावा, डाव्या हाताला त्याच जागी नुसतं कॅरिअर ऑइल. दोन्हीकडे लावल्यामुळे त्रास झालाच तर तो कशाचा हे कळतं. पहिले २४ तास ती जागा धुऊ नका. त्यानंतर बघा आणि ४८ तासांनी पुन्हा बघा, कारण ॲलर्जी उशिरानेही उमटते. लाली, खाज, बारीक पुरळ यांपैकी काहीही दिसलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. पाण्याने आणखी पातळ करून बघू, असला प्रयोग करू नका. तेल पाण्यात मिसळतच नाही.

> त्रास झाला तर: कापसाने पुसा, मग साबण आणि पाण्याने धुवा. नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

टप्पा ७: वापर

*चेहरा.* रात्री तोंड धुऊन, त्वचा किंचित ओलसर असतानाच तयार मिश्रणाचे दोन-तीन थेंब तळव्यांवर पसरून हलकेच दाबत लावा. पापण्या आणि ओठ सोडून. हे तेल लिंबूवर्गीय तेलांसारखं उन्हात त्रास देत नाही, पण ते सनस्क्रीनचं काम करत नाही, तेव्हा दिवसा सनस्क्रीन लागेलच.

*अभ्यंग.* एका माणसाच्या मालिशीला २० मिली तेल पुरतं, म्हणजे गुलाबाचे दोन थेंब. आधी साधं तेल वाटीत कोमट करा, गॅसवरून उतरवा, बोट सहज बुडवता येईल इतकं निवलं की मग गुलाब घाला. तापलेल्या तेलात घातलेला सुगंध तिथेच उडून जातो. दिवाळीत उटणं लावणार असाल तर गुलाब तेलातच ठेवा, उटण्यात वेगळे थेंब टाकू नका. ते एका ठिकाणी गोळा होतात आणि नेमके तिथेच झोंबतात. मालिशीनंतर न्हाणीघरातली फरशी निसरडी होते, घरातल्या वडीलधाऱ्यांना हात धरून न्या.

बादलीभर पाण्यात थेंब टाकण्याची सवय मात्र सोडा. तेल वर तरंगतं आणि पहिल्याच तांब्यात सगळं अंगावर येतं, तेही न मिसळलेलं. आंघोळीला सुगंध हवा असेल तर आधी मालिश हाच मार्ग.

*पोटाची मालिश.* पाळीच्या एक-दोन दिवस आधीपासून, ०.५ टक्क्याचं चमचाभर तेल बेंबीखाली घड्याळाच्या दिशेने दहा मिनिटं हलक्या हाताने. नंतर गरम पाण्याची पिशवी, मध्ये टॉवेल ठेवून. दर महिन्याला कामं थांबावीत इतकं दुखत असेल तर मालिशीवर भागवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. असं दुखणं सोसत राहायचं नसतं.

*खोलीतला सुगंध.* इथे जिरेनियम किंवा पामरोजा घ्या. उघडपणे त्याच नावाने विकलेली ही तेलं चांगली आणि खिशाला परवडणारी असतात. पाण्याच्या डिफ्युझरमध्ये (सुगंध हवेत पसरवणाऱ्या यंत्रात) १०० मिलीला तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी थोडी उघडी. डासांच्या मशीनमध्ये तेल भरू नका, पणतीच्या ज्योतीतही ओतू नका. घरात मांजर असेल तर डिफ्युझर बंदच ठेवा. मांजरांच्या यकृताला अशा तेलांचे घटक नीट निचरता येत नाहीत. झोपण्याआधी स्वतःपुरता सुगंध हवा असेल तर रुमालावर ऑटोचा एक थेंब पुष्कळ झाला.

> सावधान: बासुंदीत, गुलाबजामच्या पाकात किंवा सरबतात हे तेल घालू नका. त्यासाठी खाण्याचं गुलाबपाणी आणि गुलकंद आहेत.

टप्पा ८: साठवण आणि टाकून देणं

प्रकाश, उष्णता आणि हवा या तिन्हींमुळे तेल बिघडतं. बाटली गडद काचेची हवी, झाकण घट्ट, जागा थंड. फ्रिज चालतो, गोठलं तर तिसऱ्या टप्प्यातली रीत आहेच. रबरी फुग्याच्या ड्रॉपरवर बाटली साठवू नका, रबर हळूहळू विरघळून तेलात उतरतं. एप्रिल-मेमध्ये बाजारातून आणलेली बाटली स्कूटरच्या डिकीत विसरू नका. बंद डिकीतल्या उन्हाने नवं तेलही लवकर उतरतं.

तयार मिश्रण थोडं-थोडं बनवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. शुद्ध तेलापेक्षा आधी खवट होतं ते कॅरिअर ऑइल. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला, तेल घट्ट किंवा चिकट झालं, रंग बदलला, तर त्वचेला लावू नका. जुनं झालेलं तेल ॲलर्जीला जास्त कारण होतं, आधी मानवलेलं असलं तरीही. अशी बाटली मोरीत रिकामी करू नका. उरलेलं तेल जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात शोषून घ्या, ते विस्तवापासून लांब सुकू द्या आणि सुक्या कचऱ्यात द्या. बाटली साबणाने धुऊन काचेच्या भंगारात टाका.